कुठल्या दिवसाची केतकी?

"ईराचा डबा भरला का?" केतकीनं विचारलं.

"भरला," मी म्हणालो. मी मोबाइलवर एका मोराचा पिसारा तपासत होतो. सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात मी डिझाइनं करतो. मोर टॉवेलच्या मधोमध बसवला तर गिऱ्हाइकाला त्यावर तोंड पुसायला जिवावर येतं, म्हणून तो कोपऱ्यात घ्यायचा होता.

"ईराचा डबा भरला का?"

"भरला गं. पोळी, शेंगाचटणी, काकडी."

"ईराचा डबा भरला का?"

आता मी मान वर केली. केतकी ओट्यापाशी उभी राहून डब्याचं झाकण लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. चेहरा हसरा होता, आणि तोच बघवत नव्हता. डोळे डब्याकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. वाक्य संपलं की अर्धा श्वास, आणि परत तेच वाक्य, त्याच सुरात, शेवटच्या 'का'वर तोच हेल.

आमच्या चार वर्षांच्या ईराला वाटलं, मम्मीनं नवीन खेळ काढला. ती दर वेळी टाळ्या पिटत "भरलाऽऽ" म्हणून ओरडायची. आवाज ऐकून माझी आई देवघरातून बाहेर आली.

"दृष्ट लागलीय," आई म्हणाली. "काल त्या जाधवीणबाई म्हणतच होत्या, सून बारीक झाली म्हणून."

आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्याही घातल्या, आणि सगळं गॅसवर टाकलं. असा ठसका उठला की मी, आई, ईरा, सगळे डोळे चोळत गॅलरीत पळालो. धुरातून आवाज येतच होता. "ईराचा डबा भरला का?" एकदाही अडखळली नाही, खोकली नाही. ठसका लागायचा असतो हेच तिचं शरीर विसरलं होतं.

मी अँब्युलन्सला फोन केला.

केतकीला लहानपणापासून फिट यायच्या. मेंदूतल्या पेशी एरवी आपापल्या वेळी बोलतात. फिट येते तेव्हा त्या सगळ्या एकदम बोलायला लागतात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारख्या. मग कुणाचंच काही कळत नाही आणि माणूस खाली पडतो. सहा वर्षांपूर्वी, आमचा साखरपुडा झाल्यावर आणि लग्नाआधी, तिच्या कानामागं हाडाखाली एक चिप बसवली. चिपचं नाव 'लय'. नखाएवढी. कुठली पेशी चढायला लागली की तिला बारीकसा झटका देऊन खाली बसवायचं, एवढंच तिचं काम.

पण आपला मेंदू म्हणजे सरकारी खातं. दुसरा कुणी काम करतोय म्हटलं की हा हळूहळू सगळ्या फायली त्याच्याकडे सरकवतो. दोन वर्षांत केतकीच्या मेंदूनं राग किती यावा, भीती किती वाटावी, आवाज किती चढवावा, सगळं चिपवर सोडून दिलं. आठवणींचे पत्तेसुद्धा चिपच्याच मार्फत शोधायला लागला. फिट मात्र एकदाही आली नाही, त्यामुळे आम्ही खूश होतो.

आदल्या दिवशी कंपनीनं चिपला एक अपडेट पाठवलं होतं. 'किरकोळ सुधारणा,' असं लिहिलं होतं.

आई आणि ईराही बरोबर आल्या. हॉस्पिटलात केतकीला इंजेक्शन देऊन झोपवलं. झोपेतही ओठ हलत होते. मी कंपनीच्या मदत-सेवेवर गेलो. तिथं 'सखी' नावाचा यंत्राचा गोड आवाज होता.

"नमस्कार मयुरेशजी! आपली काळजी आम्ही समजू शकतो. ग्राहकाला बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का?"

"ती माझी बायको आहे!"

"अभिनंदन! आजच्या अनुभवाला आपण किती तारे द्याल?"

फोन आपटणार होतो, पण तेवढ्यात डॉक्टर आल्या. डॉ. मादगुंडी. शांत बाई. त्यांचा शांतपणा बघून मी जास्तच घाबरलो.

"अपडेट अर्ध्यात अडकलंय," त्या म्हणाल्या. "चिप एकाच क्षणात गोल गोल फिरतेय. काढून टाकता येत नाही, कारण श्वाससुद्धा आता थोडा तिच्याच भरवशावर चालतो. मागं न्यावं लागेल. आणि आज संध्याकाळच्या आत, नाहीतर हेच एक वाक्य मेंदूत कायमचं कोरलं जाईल. तुम्ही काय करता?"

"टॉवेलची डिझाइनं."

"मग तुम्हाला पटकन कळेल. माग वेगळा आणि मागावरचं कापड वेगळं, बरोबर? मागं जायचे दोन रस्ते आहेत. एक, पूर्ण बॅकअप. ज्या दिवशी बॅकअप घेतला त्या दिवशीचा माग, आणि त्या दिवसापर्यंतच विणलेलं कापड. पुढचं सगळं कापून टाकायचं. स्वच्छ काम, हमखास यश."

"आणि दुसरा?"

"रिस्टोअर पॉइंट. कापडाला हात लावायचा नाही, आठवणी सगळ्या तशाच राहतील. फक्त मागाची जुळणी एका जुन्या क्षणासारखी करायची. ताण तेवढा, वेग तेवढा. म्हणजे राग, भीती, बोलण्याची ढब त्या क्षणी जशी होती तशी येईल आणि तशीच राहील." त्यांनी हातातल्या टॅबच्या पाटीकडे बघितलं. "बॅकअप सहा वर्षांपूर्वीचा दिसतोय. चिप बसवली त्या दिवशीचा. नंतर एकही नाही? दरवर्षी घ्यायचा असतो हो."

मी आईकडे बघितलं. आईनं पदर सारखा केला.

आता हे डॉक्टरांना कसं सांगणार? बॅकअपला दिवसभर दवाखान्यात पडून राहावं लागतं. पहिल्या वर्षी तारीख मिळाली ती पितृपक्षात. आई म्हणाली, पितृपक्षात माणसाची कॉपी काढतात का? वरच्यांना वाटायचं आपल्यासाठीच ठेवलीय, घेऊन जातील. दुसऱ्या वर्षी केतकीच्या पोटात ईरा होती, तेव्हा कॉपी एकीची निघणार की दोघींची, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. तिसऱ्या वर्षी अधिक महिना लागला. चौथ्या वर्षी ग्रहण. पुढं आमच्या गुरुजींनी पंचांग चाळून सांगितलं की मेंदूच्या कॉपीला मुहूर्तच दिलेला नाही, वास्तुशांतीचा चालवून घ्या. वास्तुशांतीचाही त्या वर्षी मिळाला नाही. दर वेळी मी म्हणायचो, "बघू." माझा हा आवडता शब्द.

"रिस्टोअर पॉइंट कुठला आहे?" मी विषय बदलला.

"एकच शिल्लक आहे. चिप ते आपोआप बनवते आणि जागा संपली की पुसते. ज्या क्षणी मेंदूची लय तिला सगळ्यात सुरेख वाटली, तेवढा एक जपून ठेवते." त्यांनी आलेख दाखवला. डोंगरासारखे एकसारखे चढ-उतार, एकही वाकडा नाही. "मी इतकी स्वच्छ लय आजवर बघितली नाही. तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार आहे, दुपारची वेळ. काय करत होत्या? ध्यान?"

मी तारीख दोनदा बघितली. आईनंही तारीख बघितली. ती बाकावर बसलीच.

"ईराचं जावळ होतं," मी म्हणालो. "डोंगरावर, कुलदेवीच्या देवळात. गोंधळी संबळ वाजवत होते. केतकीच्या अंगात आलं होतं."

तो दिवस आम्ही घरात कधी काढत नाही. झालं ते असं. आई सगळ्या पाहुण्यांसमोर केतकीला म्हणाली, "आता देवीकडं मुलगा मागून घे. ही झाली ती झाली." संबळ जोरात होता. केतकी, जिचा आवाज शेजारच्या खोलीतही जायचा नाही, ती केतकी घुमायला लागली. केस सुटले. आणि कुठून कुणास ठाऊक, एक आवाज आला, "वैजयंते!"

वैजयंता म्हणजे माझी आई. तिला नावानं हाक मारणारे सगळे केव्हाच वर गेलेले.

"माझ्या लेकीत तुला काय कमी दिसलं गं? हिच्या नावानं पाच मुली जेवू घाल. आणि पुन्हा 'मुलगा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

आई साष्टांग आडवी. मी संबळवाल्याच्या मागं. गोंधळी बिचारा इतका घाबरला की थांबायचंच विसरला. मग केव्हातरी वाद्यं थांबली, केतकीनं पाणी मागितलं आणि तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात विचारलं, "जेवणं झाली का सगळ्यांची?" आईनं पाच मुलींऐवजी अंगणवाडीत पाच बिस्किटचे पुडे पाठवले. आणि तो शब्द वर्षाच्या आत पुन्हा घरात बोलला गेला.

डॉक्टर ऐकून गंभीरपणे म्हणाल्या, "ठेक्यावर मेंदूतल्या पेशी एका तालात येतात. चिपला वाटलं, हीच आदर्श तब्येत. तिला घडवणाऱ्यांनी जावळ हा प्रकार धरलेलाच नव्हता."

"म्हणजे रिस्टोअर केलं तर…"

"आठवणी सगळ्या केतकीच्या. जुळणी त्या दुपारची. कायमची."

आईनं मला ओढतच जिन्यापाशी नेलं.

"मयूर, बॅकअप कर."

"आई, त्यात ईरा नाही."

"ईरा आहे की इथं! पोरगी लहान आहे, होईल पुन्हा ओळख. अरे, ती देवी कायमची घरात आणून बसवतोस? मी काय तोंड दाखवू तिला? पाच मुलींचं विचारलं तर काय सांगू, पार्लेचे पुडे दिले म्हणून?" आईनं जिन्याचा कठडा धरला. "लग्नाआधीची केतकी आठव. किती गरीब. 'आई, चहा टाकू का' म्हणून चारदा विचारायची."

खरं सांगायचं तर मलाही ती आठवत होती. तेव्हा ती मला 'तुम्ही' म्हणायची. माझे विनोद तिनं तोपर्यंत ऐकलेले नव्हते. अलीकडं मी 'बघू' म्हटलं की ती माझ्याकडं अशी बघायची, जसं टपरीवाला फाटक्या नोटेकडं बघतो.

"डॉक्टर," आईनं परत जाऊन विचारलं, "थोडं दाखवता येतं का हो? साडी कशी पदर उलगडून दाखवतात तसं?"

"बॅकअपचं येतं. एकदाच, मिनिटभर. मग परत झोपवावं लागेल."

मी "बघू" म्हणालो. डॉक्टरांनी तो होकार धरला.

ओठ हलायचे थांबले. केतकीनं डोळे उघडले. आम्हाला बघितलं आणि चादर ओढून डोक्यावर पदरासारखी घेतली.

"अय्या, आई पण आल्यात?" ती उठून आईच्या पाया पडायला निघाली, वायरी ताणल्या. "झालं का ऑपरेशन? नीट झालं?" मग माझ्याकडं लाजून बघितलं. "तुम्ही झोपला नाहीत का हो? चेहरा केवढा सुजलाय."

चेहरा सुजलेला नव्हता. ती सहा वर्षांची चरबी होती. पण त्या 'हो'नं पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? आईनं मला कोपरानं ढोसलं. बघ, बघ कशी बोलतेय.

तेवढ्यात ईरा पलंगावर चढली आणि तिच्या मांडीवर जाऊन बसली, रोजच्यासारखी.

केतकीनं तिला उचलून थोडं लांब बसवलं. हळूच, नीट. परक्याचं पोर आपण उचलतो तसं.

"गोड आहे गं. कुणाची तू?"

"तुझी," ईरा म्हणाली.

केतकी हसली. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांची मुलं काहीतरी बोलतात आणि आपण हसतो ना, तेवढंच. मग दाराकडं बघत म्हणाली, "हिची आई कुठाय? शोधत असेल बिचारी."

डॉक्टरांनी बटण दाबलं.

ईरा रडली नाही. ती पलंगावरून उतरली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि खालचा ओठ चावत राहिली. माझ्याकडं बघेना, कुणाकडंच बघेना.

"छान झालं!" आई म्हणाली. "डॉक्टर, हेच करा."

मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं. मला दुसरीच भीती वाटायला लागली होती. ती जी मुलगी आत्ता उठली, तिच्या लेखी तिच्या बोटात फक्त साखरपुड्याची अंगठी आहे. ती घरी येईल, एका अनोळखी पोरीचे केस विंचरेल, या ढेरीवाल्या माणसाला चार दिवस नीट बघेल, आणि हात जोडून म्हणेल, माफ करा, मला हे जमायचं नाही. आणि ईरा रोज तिच्या पदराला धरून सांगत राहील, तुझी, तुझी.

दुसरीकडं ती दुपार. ते केस, तो आवाज. मी त्या आवाजाच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवणार कसा? रात्री त्या डोळ्यांसमोर घोरणार कसा?

"नको," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. हा शब्द आईसमोर काढायची सवय नव्हती.

"नको," मी परत म्हणालो. "बॅकअप नको. रिस्टोअर करा."

"मयूर!"

"आई, ती पोरगी बघ."

आईनं ईराकडं बघितलं. पिशवी उचलली आणि तरातरा बाहेर गेली. मला वाटलं, रागावून घरी गेली.

मी सही केली. सही माझ्यासारखी आलीच नाही. डॉक्टरांनी काहीतरी सरकवलं, काहीतरी दाबलं. केतकीचा श्वास एकदम थांबला. यंत्र ओरडायला लागलं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की मी तिला मारलं, मुहूर्त न बघता. मग तिनं खोल श्वास घेतला. एक. दुसरा. सगळे एकाच मापाचे, मागावर धोटा इकडून तिकडं जातो तसे.

डोळे उघडले. ते मी ओळखले. संबळवाल्याच्या पाठीमागून बघितले होते तेच.

त्याच क्षणी दार उघडलं आणि आई आत आली. हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या दुकानातून हिरवी साडी, नारळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या घेऊन. फरशीवर गुडघे टेकून बसली. "आई, चुकले. उद्याच पाच मुली जेवू घालते. दहा घालते. माझ्या लेकराला काही करू नकोस."

तिचं लेकरू म्हणजे मी. मी पलंगाच्या कडेला आणखी थोडा मागं सरकलो.

केतकीनं आमच्या दोघांकडं बघितलंच नाही. "ईरा," ती म्हणाली.

ईरा भिंतीपासून हलली नाही. लांबूनच विचारलं, "मी कुणाची?"

"माझी. आणि तो ओठ सोड, परवासारखं रक्त येईल."

ईरा धावली. पलंगाच्या दांड्याला तिचं डोकं आपटलं, ती रडायला लागली, केतकीनं तिला वर ओढून घेतलं, नळीची सुई निसटली, नर्स ओरडली. त्या सगळ्या गोंधळात मी रडून घेतलं.

मग केतकीची मान वळली. आवाज मोठा नव्हता. नुसता सरळ होता, कुठंही न थरथरणारा.

"उठा आई. गुडघे दुखतात तुमचे."

"देवी, तू आधी माफ केलं म्हण."

"देवी कुठं आहे इथं? मी केतकी आहे."

"हो, हो, पण आत…"

"आतही मीच. त्या दिवशीही मीच होते." ती ईराच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "अंगात काहीच आलं नव्हतं आई. तुम्ही ते बोललात, संबळ वाजत होता, आणि माझी भीती निघून गेली. एवढंच झालं. भीती नसली की आपला आवाज असा येतो, हे मलाच माहीत नव्हतं. मग वाद्यं थांबली आणि ती परत आली." ती जरा थांबली, आत कान लावल्यासारखी. "आत्ताही मी तिची वाट बघतेय. येत नाहीये."

आईनं नारळ छातीशी धरला. आजवर मी तिला सापाला घाबरताना बघितलं होतं, ग्रहणाला घाबरताना बघितलं होतं. पण हा चेहरा वेगळा होता. देवीची ओटी भरता येते, नारळ फोडून, साडीचोळी देऊन तिला वाटेला लावता येतं. केतकीला कुठं लावणार?

डॉक्टरांनी पाटीवर बोट फिरवलं आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "भीतीचा काटा अगदी शून्यावर आहे. जुळणी पक्की व्हायच्या आधी एवढा एकच सरकवता येतो. असं घरी सोडता येत नाही. मला तो थोडा वर घ्यावा लागेल. पूर्वीइतकासुद्धा घेता येईल. तुम्ही नॉमिनी आहात, सांगा किती ठेवू?"

आई आशेनं माझ्याकडं बघायला लागली. पूर्वीइतकी, तिचे ओठ म्हणत होते, पूर्वीइतकी. माझ्या जिभेवर माझा नेहमीचा शब्द येऊन बसला होता. तेवढ्यात केतकीनं माझ्याकडं बघितलं, आणि तो शब्द मी गिळला.

"तिलाच विचारा," मी म्हणालो. "ती जागी आहे."

डॉक्टर तिच्याकडं वळल्या. "किती ठेवू?"

केतकीनं नीट विचार केला. भाजीवाल्याला किती कोथिंबीर पाहिजे ते सांगावं, तशी म्हणाली, "रस्ता ओलांडायला लागेल एवढी ठेवा. ही पोरगी जिन्यात पळाली तर काळजात धस्स व्हायला पाहिजे, तेवढी अजून."

"आणि बाकीची?"

तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाकीची यांच्याकडं आहे की."

डॉक्टर हसल्या आणि काटा सरकवायला लागल्या. आईनं माझा हात घट्ट धरला, की मीच तिचा धरला, आता आठवत नाही.